आज सकाळी मशीन तपासलं का?

तासगावात कॅन्सरचं निदान झालं की घरभर चौकशा सुरू होतात. मिरजेला जायचं की कोल्हापूरला, मुंबईत टाटा हॉस्पिटलला कुणाची ओळख निघते का, सरकारी योजनेत बसतंय का. तासगावचे आमदार आर. आर. पाटील, म्हणजे आबांना, 16 फेब्रुवारी 2015 रोजी तोंडाच्या कॅन्सरनं नेलं. या रोगाची ओळख इथं कुणाला करून द्यावी लागत नाही. शेकाचं, म्हणजे किरणोपचाराचं, मशीन किती कोटींचं, हेही लोक विचारतात. आज सकाळी ते तपासलं का, हे मात्र कुणी विचारत नाही.

तोंडाच्या कॅन्सरला बहुतेकदा सहा-सात आठवडे शेक द्यावा लागतो, आठवड्याला 5 दिवस, रोज साधारण 2 ग्रे इतकी किरणांची मात्रा. मात्रा जास्त झाली तर जबड्याचं हाड मरू शकतं, कमी पडली तर गाठ परत येते. टेबलावर पडलेल्या माणसाला यातलं काहीही जाणवत नाही. किरण दिसत नाहीत, त्या घडीला भाजतही नाही.

1996 मध्ये कोस्टारिकात शेकाच्या मशीनमध्ये कोबाल्टचा नवा स्रोत बसवला आणि हिशेबात 0.3 मिनिट म्हणजे 30 सेकंद धरले. होतात 18. त्या चुकीपायी 115 रुग्णांना जादा मात्रा गेली. दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे मोजून पाहिलं असतं, तर चूक पहिल्याच दिवशी हाती लागली असती.

आपल्याकडे नियम आहेत. अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 पासून आहे, मात्रा मोजणाऱ्या फिजिसिस्टशिवाय शेकाचं मशीन चालवता येत नाही. पहिला रुग्ण आत घेण्याआधी रोज मात्रा मोजायची आणि 3 टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला तर थांबायचं, ही जगभरची रीत. पण त्या नोंदवहीचं पान रुग्णाला का दिसू नये? युरोपला द्राक्षं पाठवताना फवारणीच्या औषधाच्या अंशाचा रिपोर्ट नसला तर कंटेनर हलत नाही, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. माणसाच्या जबड्यासाठी एवढं तरी मागूया.

शेकाच्या खोलीबाहेर रोज फळा लावा: तपासणीची वेळ, आलेला आकडा, फिजिसिस्टची सही. मशीन बंद असेल तर निरोप आदल्या दिवशी द्या. गावाहून एसटीनं आलेला माणूस गेटवरून परत फिरतो, तेव्हा त्याचा शेक चुकतो आणि गाठीला वाढायला सवड मिळते. नव्या मशीनची फीत कापणाऱ्या पुढाऱ्यांनी दुरुस्तीचा करार आणि फिजिसिस्टचा पगार किती वर्षांसाठी बांधलाय, ते त्याच व्यासपीठावरून सांगावं.