फियाटच्या काचेचं हँडल शास्त्रोक्त पद्धतीने काढणे

उद्देश

फियाट ११०० डिलाइट, किंवा तीच गाडी पुढे ज्या नावांनी विकली गेली ती प्रीमियर प्रेसिडेंट अथवा प्रीमियर पद्मिनी, हिच्या दाराला आतून असलेलं काच खालीवर करण्याचं हँडल काढणे. आणि ते काढताना दार, रंग, बोटं व शेजारधर्म यांपैकी कशालाही इजा होऊ न देणे.

नुसतं हँडल काढण्यात पुरुषार्थ नाही. पण दाराच्या पोटातलं काहीही बघायचं तर आधी दाराचं पॅड उतरवावं लागतं आणि पॅड अडतं ते हँडलपाशी. काच मशीन, लॉक, काचेची चॅनेल आणि मागच्या पिढीत फटीतून आत पडलेले चार आणे, सगळ्यांचा रस्ता तिथूनच जातो.

ठाण्यातल्या कोपरीकरांवर ही वेळ इतरांपेक्षा लवकर येते. खाडी हाकेच्या अंतरावर, हवा दमट, पावसाळा चार महिने. मोटारीच्या दारात पाणी शिरतंच. काचेच्या रबराजवळून ते आत झिरपावं आणि तळाच्या भोकांतून गळून जावं, अशीच दाराची रचना असते. भोकं पाल्याने आणि जुन्या लांबीने बुजली की पाणी मुक्कामाला राहतं. मग तळाचा पत्रा गंजतो, हार्डबोर्डचं पॅड फुगतं आणि काच मनमानी करू लागते: पावसात खाली, उन्हात वर.

पूर्वपीठिका (मन लावून वाचावी, चौकशीला येणाऱ्या प्रत्येकाला सांगावी लागते)

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली १०८९ सीसीची ही फियाट मुंबईची टॅक्सी झाली, डॉक्टरांची गाडी झाली, लग्नात नवरदेवाची झाली. याच कंपनीने नव्वदच्या दशकात कल्याणच्या कारखान्यात प्युजो ३०९ काढून पाहिली. ती आली तशी गेली. पद्मिनी मात्र हटेना. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि टॅक्सीची २० वर्षांची मुदत भरल्यावर, २०२३च्या ऑक्टोबरअखेर, काळ्यापिवळ्या पद्मिनीचा कारभार आटोपला.

खासगी मालकाचं नशीब निराळं. केंद्राच्या २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. म्हणजे परवापर्यंत जे हँडल भंगारवाला किलोवर नेत होता, ते आता वारसा आहे. वारसा पकडीने पिरगाळू नये, एवढ्यासाठी हे मार्गदर्शन.

साहित्य

जुना सुती कपडा एक. घरातल्या नऊवारीचा तुकडा मिळाला तर सोनं, पण तो मागून घ्यावा. टेरिकॉट चालत नाही, घसरतं. शिवाय बारीक पंच किंवा टोक बोथट केलेला खिळा, छोटी हातोडी, पेचकस, टॉर्च, कागदी चिकटपट्टी, लोहचुंबक, स्टीलची वाटी आणि गाडीच्या सीटवर पसरायला चादर. मोठी पकड घरीच ठेवावी. हाताशी असली की ती वापरली जाते आणि वापरली की हँडलवरच्या क्रोमला तिचे दात कायमचे उमटतात.

स्थळ आणि काळ

दार पूर्ण उघडेल अशी जागा हवी. कोपरीतल्या सोसायटीत ही अट पहिली आणि सर्वांत अवघड आहे, कारण शेजारची स्कूटर हलवण्यासाठी तिचा मालक शोधावा लागतो आणि तो जेवून झोपलेला असतो. तरीही वेळ रविवारी दुपारी दोन ते चार हीच उत्तम. सकाळी केलं तर दौलतनगरपासून मीठबंदर रोडपर्यंत सगळे फिरायला निघालेले असतात आणि उघडं दार व हातात हातोडी असलेला माणूस दिसला की ते थांबतात.

ओळखपरेड

हँडल तीन प्रकारांनी धरून ठेवलेलं असतं. हात लावण्यापूर्वी प्रकार ओळखावा.

पहिला प्रकार स्क्रूचा. हँडलच्या मधोमध तो उघड दिसतो किंवा छोट्या टोपणाखाली लपलेला असतो. हा सज्जन प्रकार. पेचकस लावावा, काढावा, चहा घ्यावा.

दुसरा पिनचा. त्या काळातल्या इंग्रजी आणि इटालियन वळणाच्या पुष्कळ गाड्यांत तो सापडतो. हँडलच्या मानेतून आरपार एक बारीक पिन गेलेली असते आणि तिला झाकणारी गोल चकती मागच्या स्प्रिंगने बाहेर दाबलेली असते. चकती आत दाबल्याशिवाय पिन दर्शन देत नाही.

तिसरा लॉकचा. हँडल आणि चकती यांच्या फटीत घोड्याच्या नालाच्या आकाराची तारेची क्लिप बसलेली असते. मेकॅनिक तिला नुसतं लॉक म्हणतात. ती उडाल्यावर काय म्हणतात ते इथे छापता येणार नाही.

आपल्या गाडीत यातला कोणता प्रकार आहे हे पुस्तकात पाहून ठरवू नये. ५० वर्षांत ते दार किती गॅरेजांतून फिरलं आणि तिथे त्या वेळी काय शिल्लक होतं, यावर ते ठरतं. चार दारांना तीन प्रकार निघाले तरी नवल मानू नये. टॉर्च धरून, चकती बोटाने दाबून, गाल जवळजवळ पॅडला टेकवून फटीत पाहावं. मानेत भोक दिसलं तर पिन. तारेची दोन टोकं दिसली तर लॉक. काहीच दिसलं नाही तर आधी मळ पुसावा.

सल्लागार

इथवर येईपर्यंत तिसऱ्या मजल्यावरचे काका खाली आलेले असतात. संवाद ठरलेला असतो.

“काय रे, बिघडली?”

“नाही काका, हँडल काढतोय.”

“मग हाण की एक!”

काकांशी वाद घालू नये. त्यांच्याकडे एके काळी अँबेसेडर होती आणि तिचं सगळं हाणूनच निघायचं. कॉलनीतले एखादे सिंधी अंकलही एव्हाना येऊन उभे राहतात आणि कुर्ल्याला सीएसटी रोडवर अख्खं दारच मिळेल, हे काढण्याची मेहनत कशाला, असा व्यवहारी मुद्दा मांडतात. मुद्दा चूक नाही. पण त्या दाराला जे हँडल असेल तेही काढावंच लागेल, हे त्यांना नम्रपणे सांगावं.

हँडल न निघण्याचं कारण एकच असतं: त्याला अजून काहीतरी धरून असतं. गंजामुळे घट्ट झालं असेल तर तेल सोडून तासभर थांबावं. जोर हा पाहण्याचा कंटाळा आलेल्यांचा मार्ग आहे.

कृती

काच पूर्ण वर घ्यावी. हँडलचा दांडा कुठे रोखलाय त्याची खूण पॅडवर चिकटपट्टी लावून करावी. हे टाळलं तर हँडल पुढे कुठल्याही कोनात बसतं आणि मग प्रत्येक वळणावर गुडघ्याशी बोलतं.

पिन असल्यास: चकती आत दाबून धरावी, पंच भोकावर टेकवावा आणि हातोडीने हलकं ठोकावं. यात तीन हात लागतात हे सुज्ञांच्या लक्षात आलं असेल. तिसरा हात म्हणून काकांची नेमणूक करावी. त्यांना चकती द्यावी, हातोडी देऊ नये. पिन निमुळती असेल तर तिच्या बारीक टोकावर ठोकावं. जाड टोकावर ठोकल्यास ती जास्तच घट्ट होते.

लॉक असल्यास: कपड्याची कड हँडल आणि चकतीच्या फटीत सरकवावी, दोन्ही टोकं धरावी आणि ठाणे स्टेशनवरचा पॉलिशवाला बुटावर फडकं मारतो तशी डावी-उजवीकडे ओढावी. कपड्याचा धागा तारेच्या टोकात अडकतो आणि लॉक सुटतं. सुटतं म्हणजे उडतं. सीटवर चादर अंथरली ती यासाठी. चादर नसली तर लॉक सीटच्या रुळात, गालिच्याखाली किंवा थेट गटारात जातं. लोहचुंबकाचं काम इथे सुरू होतं.

हँडल, चकती, स्प्रिंग, पिन हे निघाल्या क्रमाने वाटीत ठेवावं. मग पॅडच्या क्लिपा एकेक करून सोडवाव्यात. मागे प्लास्टिकचा कागद असेल तर तो फाडू नये. पावसाचं पाणी पॅडपर्यंत न येऊ देणारा तोच आहे. काच मशीनचे स्क्रू सोडण्याआधी काचेला लाकडी पाचर मारावी, नाहीतर ती दाराच्या तळाशी जाऊन बसते. तळाची भोकं तारेने मोकळी करावीत. चार आणे सापडल्यास ते मालकाचे.

पुनर्स्थापना

लॉक आधी हँडलच्या खाचेत बसवावं, हँडल खुणेप्रमाणे काच मशीनच्या दांड्यावरल्या दात्यांवर धरावं आणि तळहाताने थाप द्यावी. ‘टक’ असा आवाज आला की बसलं. लॉक दांड्यावर ठेवून वरून हँडल दाबण्याचा प्रयत्न करणाऱ्यांना लॉक पुन्हा शोधण्याचा सराव होतो.

अनुमान

एवढं सगळं वाचून झाल्यावर मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना दंडवत घालावा. त्यांच्यातल्या कित्येकांनी लॉक आणि पिन यांचा प्रश्न मुळातच ठेवला नव्हता. एकच हँडल डॅशबोर्डच्या कप्प्यात असायचं. काच खाली हवी असली की गिऱ्हाईक मागायचं, हँडल मागे जायचं, चार फेरे मारून परत यायचं. चारही दारांना एक हँडल पुरायचं आणि पुढल्या वेळी काढण्याची कटकट नाही.

व्हिंटेजच्या तपासणीपुरतं हँडल रीतसर लॉकसकट बसवावं. एरवी हा प्रघात जरूर विचारात घ्यावा, विशेषतः गाडी दुरुस्त झाली हे कळताच काका चक्कर मारायला मागे येऊन बसतील त्या दिवशी. त्यांच्या दाराचं हँडल आपल्या खिशात असावं. काच किती खाली असावी यावर त्यांचीही मतं आहेत.