वेताळाची हजेरी

आमची मावशी उज्जैनला माधवनगरात राहते. माधवनगर म्हणजे फ्रीगंज. रिक्षावाल्याला माधवनगर सांगितलं तर तो क्षणभर विचारात पडतो आणि मग ओरडतो, "अरे, फ्रीगंज बोलो ना!" मावशी मात्र नेमाने माधवनगरच म्हणते. माधवराव शिंद्यांच्या नावाच्या वस्तीला मराठी माणसानेच फ्रीगंज म्हटलं तर मग उरलं काय, असा तिचा सवाल असतो. तर या मावशीचा गुडघा धरला, म्हणून मी तिला एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत घेऊन गेलो. कुठल्या, ते विचारू नका. माळव्यातलं आहे एवढं पुरे. तुम्ही महाराष्ट्रात राहत असाल तर तुमच्या जिल्ह्यातलंच आहे असं समजून वाचलंत तरी एक अक्षर बदलावं लागणार नाही.

पर्ची काढून आम्ही हाडांच्या विभागाबाहेर बाकावर बसलो. महाराष्ट्रात पर्चीला केसपेपर म्हणतात. नाव बदलतं, रांग तेवढीच राहते. समोर काचेच्या पेटीत सूचनाफलक होता. बाक आणि डॉक्टर यांच्यामध्ये चार तास होते, त्यामुळे फलक मला पाठ झाला.

पहिली सूचना अभिनंदनाची होती. काही डॉक्टर प्राध्यापक झाले होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२५ साली नियम सैल केले. २२०हून जास्त खाटांच्या सरकारी रुग्णालयात दहा वर्षं काम केलेला तज्ज्ञ आता सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो. देशाला डॉक्टर हवेत म्हणून महाविद्यालयं काढली. महाविद्यालयांना शिक्षक हवेत म्हणून डॉक्टरांना शिक्षक केलं. आता रुग्णांना डॉक्टर हवा, तर तो विद्यार्थ्यांतून तयार होईपर्यंत बाकावर बसायचं. मी हे सगळं मावशीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "सुनेची सासू होते तसंच की रे. पदनाम नवं, स्वयंपाक तोच."

दुसरी सूचना लाल शाईतली होती. सर्व अध्यापकांनी चेहरा दाखवूनच हजेरी लावावी, अन्यथा गैरहजर धरण्यात येईल.

या सूचनेला इतिहास आहे. वैद्यकीय शिक्षणात 'घोस्ट फॅकल्टी' नावाचा एक प्राणी असतो. तो कागदावर शिकवतो, कागदावर पगार घेतो, आणि देहाने दुसऱ्याच शहरातल्या खाजगी दवाखान्यात बसतो. उज्जैनच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. विक्रमादित्याच्या नवरत्नांत वैद्य म्हणून एकटा धन्वंतरी होता, आणि त्याच यादीत वेताळभट्टही होता. म्हणजे वैद्य आणि वेताळ एकाच हजेरीपटावर असण्याची परंपरा इथलीच. फरक इतकाच, की त्या काळी ही दोन पदं निरनिराळी होती.

वेताळाला पकडायला आधी सही होती. सही शिपायालाही येते. मग अंगठा आला. अंगठा उचलून नेता येत नाही, असा समज होता. पण ब्राझीलमध्ये २०१३ साली साव पावलोजवळच्या एका गावात एका डॉक्टरीणबाईंकडे सहकाऱ्यांची सिलिकॉनची सहा बोटं सापडली. शस्त्रक्रियेशिवाय अवयवदान म्हणतात ते हेच. आपल्याकडे आयोगाने १ मे २०२५ पासून अंगठा सोडला आणि चेहरा धरला. आधारशी जोडलेला चेहरा मोबाइलवर दाखवायचा, तोही महाविद्यालयाच्या आवारात उभं राहून. कारण यंत्र जागाही बघतं. वर कामाच्या दिवसांपैकी ७५ टक्के हजेरी सक्तीची. पूर्वी ही अट विद्यार्थ्यांना असायची आणि मास्तर त्यावर डोळे वटारायचे. आता वर्गात दोघेही एकमेकांकडे पाहतात ते समदुःखाने.

पण यंत्राला चेहरा कळतो, पाठ कळत नाही. सकाळी चेहरा दाखवून माणूस कुठे वळला, ते फक्त बाकावरच्यांना दिसतं. आणि बाकावरच्यांचा आधार फक्त पर्चीला जोडलेला असतो.

तिसरी सूचना वेळेची होती. ओपीडी नऊ ते दोन. नऊ म्हणजे कुठल्या घड्याळाचे, ते लिहिलं नव्हतं, आणि उज्जैनमध्ये हा प्रश्न फालतू नाही. प्राचीन ज्योतिषांची मध्यरेषा याच गावातून जायची. सवाई जयसिंगाने वेधशाळा इथे बांधली. आणि २९ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधानांनी तिथल्याच ८५ फुटी मनोऱ्यावरच्या वैदिक घड्याळाचं लोकार्पण केलं. त्या घड्याळात दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि त्याचे तीस मुहूर्त पडतात, प्रत्येक मुहूर्त ४८ मिनिटांचा. मी बाकावर बसून हिशेब केला. सूर्य सहाला उगवला असं धरलं, तर वैदिक नऊ म्हणजे आपले दुपारचे सव्वा वाजायला तीन मिनिटं कमी. विभागप्रमुख सव्वाला येतात म्हणून लोक उगाच नावं ठेवतात. ते वेळेवर येतात. चूक आपल्या मनगटातली आहे. शिवाय गाव महाकालाचं. जिथे काळालाच दर्शनासाठी रांगेत उभं राहावं लागतं, तिथे तुमच्या-आमच्या गुडघ्याचं काय घेऊन बसलात!

चौथी सूचना भविष्यातली. उज्जैनला मेडिसिटी होणार आहे. ५९२ कोटींचं काम, भूमिपूजन २०२४ च्या नोव्हेंबरात झालं. त्याखाली कुणीतरी बॉलपेनने लिहिलं होतं, "तब तक लिफ्ट ठीक करवा दो." मला त्या इमारतीचा आनंदच आहे. कोट्यवधी विटा सहज मोजता येतात, कारण वीट हजेरी लावून दुसऱ्या गावी जात नाही.

इतक्यात आतून हाक आली, "मावशी!" मावशी खूश होऊन उठली. आत एक निवासी डॉक्टर होता, जालन्याकडचा. त्याने मावशीकडे पाहिलं आणि ओशाळला. त्याला ड्रेसिंगचा ट्रे हवा होता. महाराष्ट्रातल्या दवाखान्यात मावशी म्हणजे वॉर्डात काम करणारी बाई. इथे तिला दीदी म्हणतात, हे तो अजून विसरत होता. पण आलीच आहे तर त्याने गुडघा बघितला. नीट बघितला. वाकवून, दाबून, कुठे कुठे कळ येते ते विचारून. लिहिताना त्याचे डोळे मिटत होते.

"कधीपासून ड्यूटीवर आहेस रे, बाळा?" मावशीने विचारलं.

"काल सकाळपासून, आजी."

निवासी डॉक्टरांचं काम आठवड्याला ४८ तासांच्या आसपास असावं, असं केंद्राच्या १९९२ सालच्या योजनेतच लिहिलेलं आहे. या मुलाचे ४८ तास दोन दिवसांत संपतात. उरलेले पाच दिवस तो कोणत्या नियमाने काम करतो, हे फलकावर नव्हतं. त्याच्या हजेरीबद्दलही लाल शाईत काही नव्हतं. जो जागचा हलतच नाही, त्याला यंत्राने शोधायचं तरी कशाला? मावशीने पिशवीतून शेवेची पुडी काढून त्याच्या टेबलावर ठेवली.

"सरांना एकदा दाखवून घ्या," तो म्हणाला. "एक्स-रेवर सही त्यांची लागते."

आम्ही पुन्हा बाकावर. सव्वा वाजला आणि सर आले. चालता चालता त्यांनी मोबाइलला चेहरा दाखवला. मोबाइल समाधानाने किणकिणला. सर दारापर्यंत पोचले. बाकावरचे सगळे श्वास रोखून बसले. तेवढ्यात रांगेतल्या एका गृहस्थांना राहवलं नाही. ते उठून म्हणाले, "साहब, सुबह से बैठे हैं, कब देखोगे?"

सर थांबले. घड्याळ पाहिलं. "मीटिंग है," म्हणाले आणि आले तसे जिन्यावरून अदृश्य झाले.

मावशीने त्या गृहस्थांकडे असं काही पाहिलं, की ते बिचारे मटकन खाली बसले.

"जन्म उज्जैनात गेला आणि विक्रमाची गोष्ट ठाऊक नाही याला," ती मला म्हणाली. "तोंड उघडलं की तो झाडावर जातो. म्हणून मी चार तास गप्प होते."