परतीचा रस्ता आधी विचारा

परदेशी निघालेल्या माणसाला आपण हमखास विचारतो, "तिकडे सगळं शांत आहे ना?" हा प्रश्न कुचकामी आहे. शांतता एका रात्रीत मोडते. विचारायचं ते असं: विमानं बंद पडली तर तू कोणत्या रस्त्याने निघणार, कोणती सीमा ओलांडणार, आणि सीमेपलीकडचा देश आज आपल्याशी कसा आहे?

खर्ड्याच्या माणसाला हा प्रश्न नवा वाटू नये. निघण्याचा रस्ता तुटला की बलाढ्य माणसाचं काय होतं, हे या गावाच्या किल्ल्याने पाहिलं आहे.

तारीख ११ मार्च १७९५. निजाम अली खान बिदरहून मांजरेच्या काठाने मोठी फौज घेऊन आला होता. सोबत जनाना होता. समोर पेशवे, शिंदे, होळकर आणि नागपूरकर भोसले एकत्र उभे होते, आणि मराठी फौजेची सूत्रं परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होती. प्रत्यक्ष लढाई फार चालली नाही. रात्री निजामाच्या छावणीत गोंधळ उडाला आणि त्याने खर्ड्याच्या किल्ल्यात आसरा घेतला. किल्ला लहान, भोवती टेकड्या, वरून तोफांचा मारा आणि आत पाण्याची टंचाई. बिदरची वाट बंद झाली होती. शेवटी त्याने तह केला, मुलूख आणि खंडणी कबूल केली आणि आपला दिवाण मुशीर-उल-मुल्क ओलीस म्हणून मराठ्यांच्या हवाली केला.

शाळेत आपण एवढंच शिकतो. मराठ्यांचा तो विजयच होता, त्याचा अभिमान योग्यच आहे. पण या लढाईत मराठे, निजाम आणि इंग्रज अशा तीन सत्तांचं राजकारण होतं, आणि ते शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकलं जातं.

१७९० साली टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज एका करारात बांधले गेले होते. तिघांनी मिळून श्रीरंगपट्टणची मोहीम केली. त्यानंतर तीनच वर्षांनी दोन मित्र खर्ड्याला समोरासमोर आले, तेव्हा तिसऱ्या मित्राने हात झटकले. गव्हर्नर जनरल सर जॉन शोर तटस्थ राहिला. निजामाने ज्या इंग्रजी पलटणींचा खर्च सोसला होता, त्या मराठ्यांविरुद्ध वापरू द्यायला इंग्रजांनी नकार दिला. निजामाच्या पदरी रेमंड हा फ्रेंच सेनापती होता, शिंद्यांच्या कवायती पलटणीही फ्रेंच अंमलदारांच्या हाताखाली होत्या. म्हणजे परके दोन्हीकडे होते आणि आपापला हिशेब पाहत होते.

पुढे काय झालं? १७९८ मध्ये निजाम इंग्रजांच्या तैनाती फौजेखाली गेला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीराव पेशव्याने वसईला तशाच तहावर सही केली. खर्ड्याला हरलेला आणि खर्ड्याला जिंकलेला, दोघेही आठ वर्षांच्या आत तटस्थ राहिलेल्याच्या ताब्यात गेले.

माझं मत स्पष्ट आहे: दोन देशांची मैत्री ही प्रवाशाच्या सुटकेची हमी नसते. नेत्यांच्या गळाभेटीचे फोटो पाहून मुलाला परदेशी पाठवू नका. नकाशा पाहून पाठवा.

पुरावे ताजे आहेत. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं. विमानतळ बंद झाला. तिथले भारतीय बसने, मिळेल त्या वाहनाने वाळवंट ओलांडून बगदादमार्गे जॉर्डनला पोचले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी मायदेशी आले. दीड लाखाहून जास्त माणसं अशी परतली. विमानांचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण ती माणसं अम्मानपर्यंत पोचली, कारण जॉर्डनची सीमा उघडी होती.

फेब्रुवारी २०२२. युक्रेनमध्ये महाराष्ट्रातली असंख्य मुलं डॉक्टरकी शिकत होती. राहणं अत्यावश्यक नसेल तर तात्पुरते निघा, अशी सूचना भारतीय दूतावासाने १५ फेब्रुवारीला दिली. २४ तारखेला रशियाने हल्ला केला आणि युक्रेनचं आकाश बंद झालं. मधल्या नऊ दिवसांत हजेरी, परीक्षा आणि भडकलेले तिकीटदर यांचा विचार करत कितीतरी घरं थांबली. मग तीच मुलं कडाक्याच्या थंडीत बॅगा ओढत पोलंड आणि रोमानियाच्या सीमेकडे निघाली. १ मार्चला खारकीवमध्ये कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातला एक विद्यार्थी गोळाबारीत मारला गेला. पूर्वेकडच्या सुमी शहरातल्या मुलांना तर ८ मार्चपर्यंत बाहेरच पडता आलं नाही. पदवी एकच होती, फीही साधारण तीच होती. फरक एवढाच होता की एक कॉलेज पश्चिमेच्या सीमेजवळ होतं आणि दुसरं रशियाच्या तोंडाशी. प्रवेश घेताना हा फरक किती पालकांना सांगितला गेला होता?

जून २०२५ मध्ये इस्रायलने इराणवर हल्ले सुरू केले. उर्मिया शहरातले भारतीय विद्यार्थी रस्त्याने आर्मेनियात आले आणि येरेवानहून विमानाने दिल्लीला पोचले. पुन्हा तेच. सुटका रस्त्याने झाली, आणि शेजारच्या देशाने दार उघडलं म्हणून झाली.

आता आपल्या स्वतःच्या सीमा पाहा. पहलगामच्या हल्ल्यात महाराष्ट्राने सहा माणसं गमावली आणि त्यानंतर अटारीचं फाटक बंद झालं. भारत आणि पाकिस्तान, दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाशही बंद केलं. समझोता एक्स्प्रेस २०१९ पासून थांबलेली आहे. चीनशी डोकलामचा तंटा पेटला तेव्हा, २०१७ मध्ये, नथुलावरून कैलासला निघालेले यात्रेकरू परतवले गेले. २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधून थायलंडला गाडीने जाण्याचं स्वप्न मोरेच्या सीमेवरच अडलं आहे. मोटारसायकलवर लंडन गाठू पाहणाऱ्या आपल्या पोरांनी इंजिनाच्या ताकदीआधी हे वाचावं.

नेपाळला आपण परदेश मानतच नाही. पासपोर्ट लागत नाही, देव आपलेच आहेत, म्हणून चौकशीही करत नाही. २३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली बस तनहूं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. २७ माणसं गेली, बहुतेक जळगाव जिल्ह्यातले भाविक. तिथे युद्ध नव्हतं, तंटा नव्हता. घाटातला रस्ता होता आणि पावसाळा होता. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच नेपाळात तरुणांच्या उद्रेकाने सरकार कोसळलं, काठमांडूचा विमानतळ बंद झाला आणि महाराष्ट्रातले पर्यटक अडकून पडले. तेव्हा दोन्ही गोष्टी तपासल्या पाहिजेत: रस्ता कसा आहे, आणि राज्य कसं आहे.

कुणी म्हणेल, मग घरीच बसायचं का? मुळीच नाही. जा, शिका, फिरा. पण दिंडीसारखे जा. पैठणहून निघालेली एकनाथ महाराजांची पालखी दिघोळ, खर्डा, परांडा करत पंढरपूरला जाते. मुक्काम कुठे, पाणी कुठे, आजाऱ्याला कुठल्या गाडीत घ्यायचं, हे ठरल्याशिवाय दिंडी पाऊल टाकत नाही. अक्षरओळख नसलेली म्हातारीसुद्धा उद्याचा मुक्काम सांगते. आणि लाखो रुपये भरून सातासमुद्रापार गेलेल्या मुलाच्या बापाला सर्वांत जवळची सीमा माहीत नसते. यात त्या बापाचा दोष थोडा आहे. जास्त दोष आहे तो फी, वसतिगृह आणि जेवणाची यादी देऊन संकटातला मार्ग न सांगणाऱ्या एजंटांचा, आणि त्यांना जाब न विचारणाऱ्या व्यवस्थेचा.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. परदेशी शिक्षणाचा एजंट असो की यात्रा कंपनी, त्यांनी सुटकेचे दोन मार्ग आणि दूतावासाचा पत्ता लेखी द्यावा. घाटात रात्री बस चालवणार नाही, हेही लेखी द्यावं. परराष्ट्र खात्याच्या सूचना मराठीत, त्याच दिवशी, जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत तालुक्यापर्यंत पोचाव्यात. कुठल्या गावाचं कोण कुठल्या देशात आहे, याची नोंद जिल्ह्याकडे युद्ध पेटण्याआधी असावी. २०२२ मध्ये ती युद्ध पेटल्यावर, पालकांना फोन करायला सांगून गोळा करावी लागली.

आणि वाचकहो, तुम्हीही एक करा. घरातलं कुणी बाहेर असेल तर आज रात्री नकाशा उघडा. त्याच्या शहरापासून सर्वांत जवळची सीमा शोधा, पलीकडे कोणता देश आहे ते पाहा, तिथे जायला व्हिसा लागतो का ते विचारा. दूतावासात त्याचं नाव नोंदवलं आहे की नाही याची खात्री करा. आणि दूतावास "निघा" म्हणेल त्या दिवशी तिकिटाचा दर पाहू नका, परीक्षेची तारीख पाहू नका. पोराला सांगा, आजच निघ.