सी आणि डी यांची भाऊबंदकी

असेंबल केलेला कॉम्प्युटर विकणारा दुकानदार एक काम न सांगता उरकून देतो: हार्ड डिस्कची वाटणी. सी, डी आणि ई. (ए आणि बी फ्लॉपीच्या नावावर. फ्लॉपी केव्हाच गेली, वहिवाट तिचीच.) सी विंडोजला, बाकीचे दोन गिऱ्हाइकाला. गिऱ्हाईक मग जन्मभर सगळा पसारा डेस्कटॉपवर मांडतं आणि डेस्कटॉप राहतो सीमध्ये. सी फुगतो, त्याची पट्टी लाल होते. शेजारी डी चारशे जीबी पडीक ठेवून स्वस्थ!

"डीतली शंभर जीबी काढून सीला दे. फोटो मात्र एकही उडता कामा नये," मामांनी फर्मावलं. उभ्या पिकात बांध सरकवायचा आणि ताटाला धक्का लागू द्यायचा नाही.

डी लहान करायला विंडोजची हरकत नसते. २००७ च्या व्हिस्टापासून ती सोय आहे. पण जागा सुटते डीच्या उजव्या टोकाला आणि सीला हवी ती स्वतःच्या उजवीकडे, अगदी लगत. मध्ये डी आडवा. 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' हा पर्याय त्यामुळे करडा पडून मुकाट बसतो. त्यात मामांची डिस्क जुन्या वळणाची. १९८३ च्या पीसी डॉस २.० पासूनच्या त्या विभाजनतक्त्यात रकाने चारच, म्हणून एका रकान्यात 'एक्स्टेंडेड' पार्टिशन घालून त्यात डी-ई हे पोटहिस्से पाडलेले. म्हणजे आधी डी सरकवा, मग पोटहिस्स्यांची हद्द सरकवा, मग सीचा विचार करा.

सरकवणं म्हणजे डीमधला ऐवज उचलून डिस्कवर नव्या ठिकाणी लिहिणं. जीपार्टेड ते करतं, पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून, तासन्‌तास. तेवढ्यात वीज गेली की अर्धा डी जुन्या हद्दीत, अर्धा नव्या. मामांकडे वीज गुरुवारी हमखास जाते आणि त्यांच्या यूपीएसमध्ये आता फक्त शिट्टी वाजवण्यापुरता जीव आहे.

"मामा, बॅकअप?"

"बॅकअप असता तर तुला कशाला बोलावलं असतं?"

'डेटा न गमावता' असं ठळक छापणारी सगळी सॉफ्टवेअर्स खाली बारीक अक्षरांत बॅकअप घ्यायला सांगतात. मला त्या बारीक अक्षरांचाच भरवसा वाटतो.

शेवटी मी 'पिक्चर्स'वर राइट क्लिक केलं, प्रॉपर्टीजमधल्या 'लोकेशन'मध्ये डीचा पत्ता घातला आणि 'मूव्ह' दाबलं. डेस्कटॉपचंही तेच. फाइली निमूट डीमध्ये राहायला गेल्या, सीची लाली उतरली. मामांचा चेहरा मात्र पडला.

"म्हणजे पार्टिशन हललंच नाही?"

"गरजच नव्हती."

"मग असं कर, ई डीला जोडून टाक. तो तर लगतच आहे ना?"

हे मात्र त्यांनी बरोबर पकडलं होतं. ई पुसला की डी उजवीकडे बिनतक्रार वाढतो.

"ईमध्ये आहे काय?"

"काही नाही रे. तुझ्या मामीची नाटकं आणि भजनं."

मामी दारातच उभी होती.