पसंतीक्रम एक ते दहा

दहावीचा निकाल लागला की ज्याच्या घरात दहावीचं मूल नाही तो प्रत्येक माणूस मार्गदर्शक होतो. ज्यांच्या घरात आहे ते पेढ्यांचा बॉक्स फोडायच्या आधीच गेल्या वर्षीचे कटऑफ शोधत असतात.

२०२५पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. त्याआधी हे भाग्य मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि अमरावतीपुरतंच होतं. आता गडचिरोलीच्या पोरालाही सर्व्हर बंद पडण्याचा समान हक्क मिळाला. पहिल्याच दिवशी पोर्टलने मान टाकली आणि या हक्काची अंमलबजावणी तातडीने झाली. एरवी सरकारी योजना इतक्या लवकर तळागाळात पोचत नाहीत.

अर्जाच्या दुसऱ्या भागात कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजं भरायची. पहिल्या पसंतीचं लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. कांदेपोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणायची सोय असते, इथे तीही नाही. म्हणून आमच्या सोसायटीत रात्री अकरापर्यंत खल चालतो.

“पहिल्या नंबरला एकदम टॉपचं टाका,” दुसऱ्या मजल्यावरचे काका सांगतात.

“आणि तेच लागलं तर?” मुलाची आई घाबरून विचारते.

याशिवाय इनहाउस, अल्पसंख्याक आणि व्यवस्थापन असे कोटे असतात. पैकी व्यवस्थापन कोट्याचं मार्गदर्शन लेखी मिळत नाही.

आता गंमत बघा. २०२५ला दहावी पास झाले साडेचौदा लाख आणि अकरावीच्या जागा होत्या एकवीस लाखांवर. म्हणजे प्रत्येकाला बाक मिळून वर दप्तर ठेवायलाही जागा उरत होती. तरीही प्रत्येक घरात रक्तदाब वाढलेला, कारण सगळ्यांना हवी असतात ती ठरावीक कॉलेजं. आणि ज्या कॉलेजसाठी एवढा जीव टांगणीला, तिथे मूल जाणारच नसतं! जेईई-नीटच्या क्लासची फी नववीतच भरलेली असते. क्लास आणि कॉलेजच्या या संगनमताला ‘इंटिग्रेटेड’ असं भारदस्त नाव आहे. वर्ग क्लासच्या इमारतीत, हजेरी कॉलेजच्या रजिस्टरवर, गाठभेट प्रॅक्टिकलच्या परीक्षेला. शासनाने २०१८मध्ये यावर बायोमेट्रिक हजेरीचा उतारा काढला. पण मूल क्लासला नि अंगठा कॉलेजला, अशी वाटणी कशी करायची याचं मार्गदर्शन मात्र जीआरमध्ये नव्हतं.

परवा अशाच एका क्लासने सोसायटीच्या हॉलमध्ये ‘मोफत मार्गदर्शन शिबिर’ ठेवलं. दहाच्या दहा पसंतीक्रम छापलेले कागद वाटले. मुलांनी फक्त नाव घालायचं. पालकांच्या डोळ्यांत कृतज्ञता दाटून आली. शंका कुणालाच नव्हती, तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून ब्याण्णव टक्केवाला एक मुलगा उठला.

“सर, मला आर्ट्सला जायचंय. इतिहास घेऊन.”

हॉल चिडीचूप. सरांनी माइक बंद केला.

“अरे, तिथे जागा असतात. त्याला मार्गदर्शन कशाला लागतं?” असं म्हणून ते त्याच्या आईकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “ताई, घरी सगळं ठीक आहे ना?”