डार्टबोर्ड टांगण्याची शास्त्रोक्त पद्धत
(हिंगोली जिल्ह्यातली सर्व मंडळं, ओसऱ्या आणि रिकाम्या भिंतींसाठी)

प्रस्तावना

औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही वेधशाळा होऊ घातली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023मध्ये तिच्यासाठी 2600 कोटी मंजूर केले. एकमेकांना काटकोनात असलेले चार-चार किलोमीटरचे दोन बाहू बांधायचे. कुठे तरी अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की त्या बाहूंच्या लांबीत प्रोटॉनच्या दहाहजाराव्या भागाएवढा फरक पडतो, तो पकडायचा. ज्या जिल्ह्यात एवढं बारीक मोजायचं ठरलंय, त्याच जिल्ह्यात मंडळाच्या खोलीतला डार्टबोर्ड “टाका ना भौ अंदाजे, काय होतंय!” असं म्हणून टांगला जावा, ही नामुष्की आहे. ती टाळण्यासाठी हे मार्गदर्शन.

साहित्य

गवंड्याची मोजपट्टी (शिंप्याची नको, ती ओढली की वाढते), ओळंबा, पाणसळ, सुतळी, ड्रिल, फास्टनर, स्प्लेंडरचं जुनं टायर आणि तटस्थ माणूस एक नग. शेवटची वस्तू तालुक्याबाहेरून मागवावी.

बोर्डाची निवड

दसऱ्याच्या प्रदर्शनात मिळतो तो चुंबकाचा बोर्ड लेकरांना द्यावा. खरा बोर्ड सिसलच्या तंतूंचा असतो. सिसल म्हणजे आपल्या धुऱ्यावरच्या केकताडाच्या कुळातलं झाड. तंतू दाबून, टोकं खेळाडूकडे करून बसवलेले असतात. डार्ट त्यांच्यामधून शिरतो आणि उपसला की भोक आपोआप मिटतं. मग धुऱ्यावरचं केकताडच कापून भिंतीला ठोकलं तर? चालणार नाही. धुऱ्यावरचं काहीही कापलं की शेजारचा सरकारी मोजणी मागवतो, आणि आपल्याला आज वेगळीच मोजणी करायची आहे.

बोर्डाचा व्यास 45.1 सेंमी, म्हणजे पावणेअठरा इंच. स्प्लेंडरचं चाक अठरा इंची. त्यामुळे तिचं टायर बोर्डाभोवती जवळजवळ बेतून बसतं आणि चुकलेले डार्ट भिंतीचा रंग न उडवता झेलतं. टायर आधी गाडीवरून काढून घ्यावं.

पायरी 1 : उंची

बोर्डाचा मध्यबिंदू जमिनीपासून 1.73 मीटरवर हवा, म्हणजे पाच फूट आठ इंचांवर. मंडळाच्या अध्यक्षांची उंची पाच फूट तीन इंच असली तरी हाच आकडा. “सगळ्यांना जमंल असं थोडं खाली घ्या” ही सूचना इतिवृत्तात नोंदवून घ्यावी आणि तिथेच ठेवावी.

आता प्रश्न, जमीन म्हणजे कोणती? ओसरीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, त्यामुळे भिंतीखालची फरशी आणि खेळाडूच्या पायाखालची फरशी एका पातळीत असतेच असं नाही. खेळाडू उभा राहतो ती पातळी धरावी, पाणसळीने भिंतीपर्यंत न्यावी आणि तिथून वर मोजावं. शिवाय काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावरची भिंत तिच्याच मर्जीने वागते. म्हणून पोळ्याला एकदा आणि संक्रांतीला एकदा माप तपासावं.

टांगताना 20चा काळा भाग बरोबर वर यावा. त्याच्या एका अंगाला 1 आणि दुसऱ्या अंगाला 5 आहे. मोठ्या आकड्याच्या लोभाने फेकणाऱ्याचा नेम किंचित ढळला की पदरात चिल्लर पडावी, अशी ही रचना आहे. ती अन्यायकारक वाटल्यास बोर्ड फिरवून टांगू नये. औंढ्याला नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं अशी कथा आहे. पण त्यासाठी आधी नामदेव असावं लागतं.

पायरी 2 : अंतर

लोखंडी टोकाच्या डार्टसाठी अंतर 2.37 मीटर, म्हणजे सात फूट सव्वानऊ इंच. प्लॅस्टिक टोकाच्या, इलेक्ट्रॉनिक बोर्डासाठी 2.44 मीटर, म्हणजे पूर्ण आठ फूट. “आठ फूट म्हणा की सरळ” असं म्हणून दोन्ही एक करू नयेत.

हे अंतर भिंतीपासून मोजायचं नाही, बोर्डाच्या दर्शनी पृष्ठभागापासून मोजायचं. बोर्ड साधारण दीड इंच जाड असतो. पृष्ठभागाला टेकवून ओळंबा सोडावा, तो फरशीवर जिथे टेकेल तिथे खूण करावी आणि तिथून पट्टी धरावी.

फरश्या मोजून काम उरकणाऱ्यांसाठी इशारा : दुकानदार जिला दोन बाय दोन म्हणतो ती फरशी सहसा 60 सेंमीची असते, म्हणजे दोन फुटांना जवळपास एक सेंटिमीटर कमी. चार फरश्यांचे आठ फूट होत नाहीत, 2.40 मीटर होतात. त्यातून बोर्डाची जाडी वजा केली की उरतात 2.36. म्हणजे भिंतीपासून चार फरश्या आणि वर एक बोट. गंमत अशी, की अज्ञानाने चार फरश्या मोजणारा जवळपास बरोबर निघतो, आणि हिशेब करून आठ फुटांतून पावणेतीन इंच भिंतीपासून वजा करणारा चुकतो. ही गोष्ट सभेत सांगू नये.

पायरी 3 : पडताळा

लायगोवाले लेसर वापरतात, आपण सुतळी वापरू. बोर्डाच्या मध्यापासून रेषेपर्यंत तिरकी सुतळी ताणावी. ती 2.93 मीटर भरली तर उंची आणि अंतर दोन्ही बरोबर. कमी भरली तर सुतळी ओढणारा माणूस बदलावा. तरीही कमी भरली तर पायरी 1.

पायरी 4 : रेषा

वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं असलं तरी रेषा हळदीने मारू नये. पायाने पुसली जाते आणि दर पुसण्यागणिक बोर्डाकडे सरकते. लाकडी पट्टी ठोकावी. माप पट्टीच्या खेळाडूकडच्या कडेपर्यंत धरावं. पट्टी दोन इंच रुंद असेल तर ते दोन इंच कोणाच्या हिश्श्यात गेले, हा वाद इथेच संपतो.

पाय रेषेच्या मागे हवेत, बाकीचं शरीर पुढे झुकलेलं चालतं. पोटाबाबत नियम मौन बाळगून आहेत, त्याचा फायदा घ्यावा. विसोबा खेचरांचे पाय नामदेवांनी जिकडे उचलून ठेवले तिकडे पिंड आली म्हणतात. आपले पाय सरकले तर रेषा मागोमाग येत नाही, एवढं खेळाडूंना समजावून सांगावं.

वयाची सवलत नाही. जानेवारी 2025मध्ये ल्यूक लिटलर 17व्या वर्षी लंडनमध्ये जगज्जेता झाला, तोही याच 2.37वरून फेकून. त्यामुळे “पोरगं हाय, दोन पावलं पुढं येऊ द्या” ही विनंती फेटाळावी. “काका हायेत, येऊ द्या” हीसुद्धा. “पाव्हणे हायेत” यावर मात्र कोणत्याही नियमावलीत तोडगा नाही. पाव्हण्यांना आधी चहा द्यावा आणि तो लांबवावा.

पायरी 5 : तक्रार निवारण

एवढं करूनही रेषेवरून भांडण होईल. राज्यात 2007पासून तंटामुक्त गाव मोहीम आहे, गावात समिती असेल. तिच्याकडे जाण्याआधी समितीचे किती सदस्य आपल्याच मंडळात खेळतात ते पाहावं.

अनुभव असा, की माप चुकीचं असल्याचा शोध नेहमी हरणाऱ्यालाच लागतो, आणि तोही शेवटचा डबल चुकल्यावर. म्हणून एकच कलम मोठ्या अक्षरांत लिहून बोर्डाशेजारी लावावं : फेरमोजणीची मागणी फक्त पुढे असलेल्या खेळाडूलाच करता येईल. अशी मागणी आजवर कुठल्या धुऱ्यावरही आलेली नाही. तेव्हा मोजपट्टी गवंड्याला त्याच दिवशी परत करायला हरकत नाही.