डोपामिनचा उपास

सध्या डोपामिन फार बदनाम आहे. पोरगं मोबाइल सोडत नाही? डोपामिन. रात्री दोनला रील्स? डोपामिन. पूर्वी हे सगळं राहू-केतूच्या खात्यावर जमा व्हायचं.

खातं तेच, नाव बदललं.

शांतीही निघाली आहे: ‘डोपामिन डिटॉक्स’. दोन दिवस फोन बंद, गोड बंद, गप्पा बंद. चालू फक्त शिबिराची फी.

मेंदूतलं डोपामिन खरंच आटलं तर काय होतं? १९५०च्या दशकात स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी औषध देऊन सशांचं डोपामिन आटवलं. ससे जागच्या जागी थिजले. एल-डोपा, म्हणजे डोपामिनचा कच्चा माल, दिल्यावर पुन्हा हिंडू लागले. पार्किन्सनच्या रुग्णांना आजही एल-डोपाच देतात.

डिटॉक्स पूर्ण यशस्वी झालेले ससे तेवढेच.

मुळात हे रसायन करतं काय? चेतापेशीत संदेश धावतो तो विजेचा. सोडियमचे आयन आत घुसतात, लाट पुढे सरकते. वेगवान तंतूंत सेकंदाला शंभर मीटरपर्यंत. आणि टोकाला येऊन अडते. पुढे फट. रुंदी जेमतेम २० ते ४० नॅनोमीटर, पण वीज तिथे बहुधा हात टेकते. मग डोपामिनसारखं रसायन सुटतं, पलीकडच्या पेशीवरच्या ग्राहीला चिकटतं.

हे दाखवलं ऑटो लोवी यांनी, १९२१ साली, बेडकांच्या दोन हृदयांवर. पहिल्याची चेता उद्दीपित करून ठोके मंदावले. त्याच्या भोवतीचा द्रव दुसऱ्याला दिला. तेही मंदावलं!

ते रसायन ॲसिटिलकोलीन. गंमत पाहा, हृदयाला हळू करणारं हेच रसायन दंडाचा स्नायू आवळतं. मग हुकूम कुणाचा? घेणाऱ्या ग्राहीचा.

आपण मात्र निरोप्याला फाशी देतो.

सेरोटोनिनचंही तेच. ‘आनंदाचं रसायन’ म्हणे! शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं. केळ्यातही असतं, पण रक्तातून मेंदूत शिरत नाही. केळं खाऊन बरं वाटलं? ते केळ्याचं श्रेय.

फोन जरूर बाजूला ठेवा. झोप लागेल, घरची माणसं दिसतील. डोपामिनला त्यात ओढू नका.

आणि फोन बंद करायचं बटण फुकट आहे.